मुरूम काढायचा, तीळ ठेवायचा

त्या शनिवारी सकाळी साडेसात ते साडेदहा या तीन तासांत मी ४१२ फोटो काढले. त्यातल्या तीनशेच्या वर फोटोंत नुसतं फूल होतं. साठेक फोटोंत फूल आणि चौकटीतून बाहेर पडणारी एक शेपटी. काहींत पक्षी अख्खा होता, पण फोकस मागच्या कुंपणावर. लाकडाची रेष न् रेष स्पष्ट आणि पुढे तरंगणारा एक हिरवट डाग. गाळून गाळून शेवटी नऊ उरले. त्या नवांपैकी एक मी पप्पांना पाठवला, आणि आमच्या घरात जे बोलणं जवळजवळ तीन वर्षं झालं नव्हतं, ते त्या फोटोवरून झालं.

आधी पक्ष्याबद्दल सांगतो.

मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेला, एका जुन्या घराच्या मागच्या भागात भाड्यानं राहतो. मागे चार पावलांचं अंगण आहे. तिथं घरमालकीणबाईंनी कधीतरी साल्व्हियाची दोन झुडपं लावली होती. साल्व्हिया तुळशीच्या कुळातली. पान चुरडलं की उग्र वास येतो. फुलं नळीसारखी, वर पांढरी आणि खालचा ओठ लाल. इथं थंडी बेताची असल्यामुळे हिवाळ्यातही दोनचार फुलं टिकून असतात.

२०२३च्या सुरुवातीला एका सकाळी मी लॅपटॉप घेऊन मागच्या पायरीवर बसलो होतो. मीटिंग चालू होती, मी म्यूटवर होतो. आधी आवाज आला. मला वाटलं भुंगा. मान वळवली तर अंगठ्याएवढा एक पक्षी हवेत एका जागी उभा. चोच फुलात, शेपूट खाली, आणि पंखांच्या जागी नुसता धूर. दोनतीन सेकंद तो तसाच राहिला आणि मग मागे सरकला. वळून नव्हे, सरळ मागे, गाडी रिव्हर्स घेतात तसा. पक्ष्याला मागे उडताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. मीटिंगमध्ये मला कुणीतरी दोनदा हाक मारली होती, हे नंतर कळलं.

फोनवर घाईघाईनं काढलेला फोटो मी व्हॉट्सअ‍ॅपवर पप्पांना पाठवला.

"काय आहे हे?"

"पक्षी आहे, पप्पा. हमिंगबर्ड."

"कुठाय?"

मी लाल गोल काढून पुन्हा पाठवला.

"हा होय. हा आपला शिंजीर की रे."

आमच्या कराडच्या घरामागं जास्वंद आहे. तिच्यावर शिंजीर यायचे, लहान, चमकदार, वाकड्या चोचीचे. त्यामुळे पप्पांची चूक अगदी साहजिक होती. दोघंही फुलातला रस पितात, दोघांची चोच लांब, दोघांचे नर उन्हात चमचमतात. पण नात्यानं हे दोघं एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. शिंजीर हा चिमण्या-कावळ्यांच्या मोठ्या खानदानातला, तर हमिंगबर्ड पाकोळ्यांच्या जवळचा. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि सगळ्या अमेरिका खंडांतल्या. आपल्याकडे एकही नाही. दोन वेगळ्या घरांतल्या पोरांनी एकच धंदा धरला आणि पुढे दिसायलाही सारखी झाली, असं काहीसं. शिंजीर मात्र बहुतेक वेळा देठावर बसून रस पितो. हमिंगबर्ड बसत नाही. त्याचा पंख खांद्यातून असा फिरतो, की पुढे जातानाही वर उचलतो आणि मागे येतानाही.

माझ्या अंगणातल्याचं नाव अ‍ॅनाज हमिंगबर्ड. रने लेसन नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं १८२९ साली अ‍ॅना मासेना या उमराव घराण्यातल्या बाईवरून हे नाव ठेवलं. वजन चारेक ग्रॅम, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नाण्याच्या आसपास. कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात तो बाराही महिने असतो. मला हे बरं वाटलं. मी इथं आल्यापासून ओळखीची झालेली निम्मी माणसं दुसऱ्या शहरात गेली होती.

*

मी एक जुना मिररलेस कॅमेरा आणि ४०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स सेकंडहँड घेतली. स्टुडिओवाल्याचा मुलगा असूनही मला फोटोग्राफी येत नव्हती. पप्पांनी स्टुडिओच्या पैशातून मला इंजिनिअर केलं, त्यामागं मी स्टुडिओत बसू नये हाच उद्देश होता.

इंजिनिअर माणूस जे करतो ते मी केलं. आधी एक्सेलची शीट केली. पक्षी किती वाजता आला, कुठल्या फुलापासून सुरुवात केली, किती सेकंद थांबला. दोन आठवड्यांत कळलं, की तो साधारण बारा-पंधरा मिनिटांनी फेरी मारतो, कारण एकदा रिकाम्या केलेल्या फुलात रस भरायला वेळ लागतो. आणि फेरी झाली की शेजारच्या वाळक्या फांदीच्या एकाच टोकावर जाऊन बसतो. हे कळल्यावर त्याच्यामागं लेन्स फिरवणं बंद केलं. भरल्या फुलावर फोकस लावून वाट बघायची.

मग शटरचा हिशोब मांडला. त्याचा पंख साधारण पाच सेंटिमीटर. सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा पुढेमागे. म्हणजे पंखाचं टोक सेकंदाला नऊ-दहा मीटर वेगानं जातं. १/५०० सेकंद शटर ठेवलं तर तेवढ्या वेळात टोक जवळजवळ दोन सेंटिमीटर सरकतं, म्हणजे फोटोत नुसता फराटा. १/४००० ठेवलं तर अडीच मिलिमीटर. हे ठीक. पण १/४०००ला कॅमेऱ्यात १/५००च्या एक अष्टमांशच उजेड शिरतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो पुरत नाही. मग आयएसओ वाढवायचा, आणि आयएसओ वाढवला की फोटोवर रवा सांडल्यासारखे कण दिसतात. त्याला नॉइझ म्हणतात.

नॉइझ म्हणजे कॅमेऱ्याचा बिघाड असं मला वाटायचं. तसं नाही. पावसाच्या पहिल्या सरीत अंगणात शंभर वाट्या मांडल्या आणि चार सेकंदांनी उचलल्या, तर एखाद्या वाटीत पाच थेंब असतील, शेजारच्या वाटीत एकही नसेल. पाऊस सगळीकडे सारखाच पडत होता, तरीही. तासभर ठेवल्या तर सगळ्या जवळजवळ सारख्या भरतील. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल ही एक वाटी आणि उजेड हा पाऊस. वेळ कमी दिला की वाट्यांमधला फरक दिसणारच. त्यामुळे या पक्ष्यापुढे निवड दोनच गोष्टींत असते: पंखाचा फराटा, नाहीतर रवा.

तिसरा मार्ग फ्लॅशचा. क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट नावाचे एक केमिकल इंजिनिअर होते, ड्यूपॉन्ट कंपनीचे अध्यक्ष. डिसेंबर १९४२मध्ये शिकागोत पहिली अणुभट्टी चालू झाली तेव्हा तिथं हजर असलेल्या मोजक्या लोकांपैकी एक. या गृहस्थांना छंद हमिंगबर्डचा. सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कितीतरी कमी वेळ पेटणारा फ्लॅश वापरून त्यांनी दक्षिण अमेरिकेपर्यंत हिंडून फोटो काढले आणि १९६० साली त्याचं पुस्तक केलं. शटर कितीही वेळ उघडं असो, उजेडच क्षणभर असेल तर पंख गोठणारच. आजही अनेक देखणे फोटो याच वाटेनं निघतात. चारपाच फ्लॅश लावायचे, एक फूल टांगायचं, त्यात सिरिंजनं साखरपाणी भरायचं आणि मागे हिरव्या रंगाचा छापील पडदा.

हे वाचून मी हसलो. पप्पांच्या स्टुडिओत भिंतभर रंगवलेला पडदा होता. कमान, कमानीतून दिसणारा तलाव, तलावात दोन हंस. कराडातल्या अर्ध्या लोकांचे लग्नाआधीचे फोटो त्या हंसांपुढे आहेत.

*

अ‍ॅनाज हमिंगबर्डच्या नराचं डोकं आणि गळा गुलाबी असतो असं पुस्तकात असतं. माझ्या फोटोंत तो काळा यायचा, कोळशासारखा. मग कधीतरी एका फ्रेममध्ये अचानक पेटलेला रंग, राणीपेक्षाही गडद गुलाबी. पुढच्या फ्रेममध्ये पुन्हा काळा.

त्या पिसांत गुलाबी रंगद्रव्य नाहीच. पिसाच्या आत अतिसूक्ष्म चपट्या कणांचे थर असतात, त्या कणांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांच्यावरून परतणाऱ्या उजेडाच्या लाटा एका विशिष्ट कोनात एकमेकींत मिसळून गुलाबी होतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याच जातीची ही गोष्ट. ऊन तुमच्या पाठीमागून आलं आणि पक्ष्यानं तोंड तुमच्याकडे केलं, तरच तो रंग तुमच्यापर्यंत पोचतो.

मी काळ्या आलेल्या फोटोंतून गुलाबी काढायचा खूप प्रयत्न केला. सॅच्युरेशन वाढवलं, सावल्या उचलल्या. पक्षी रंगपंचमी खेळून आल्यासारखा दिसायला लागला. फाइलमध्ये जो उजेड आलेलाच नाही तो स्लायडर कुठून आणणार? शेवटी खुर्ची उचलून अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली, ऊन पाठीवर येईल अशी. पप्पा गिऱ्हाइकाला जे सांगायचे, "हनुवटी थोडी वर... इकडं, लाइटकडं बघा," ते पक्ष्याला सांगता येत नाही. आपणच हलायचं.

आता त्या शनिवारकडे येतो. फेब्रुवारी २०२४. उरलेल्या नऊ फोटोंत एक जवळजवळ हवा तसा होता. डोळा स्पष्ट, गळ्याचा अर्धा भाग पेटलेला, चोचीचं टोक फुलाच्या तोंडाशी. फक्त आभाळ भरून आल्यामुळे मी शटर १/१०००वर आणलं होतं, त्यामुळे पंख धुरासारखा आणि वर भरपूर रवा. मी तो एका एआय सॉफ्टवेअरमधून काढला. बटण दाबलं, दहा सेकंद पट्टी सरकली, आणि रवा गेला. पाठीवरची हिरवी पिसं कौलांसारखी एकावर एक दिसायला लागली. पंखातही पिसं आली, टोकापर्यंत कातरलेली. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. हा फोटो मी काढलाय यावर माझाच विश्वास बसेना.

तेव्हा बसायला नकोच होता.

*

रविवारी सकाळी माझे आठ म्हणजे पप्पांचे रात्रीचे साडेनऊ. जेवण होऊन ते गच्चीत खुर्ची टाकून बसतात आणि मला व्हिडिओ कॉल करतात.

"फोटो चांगला आहे," पप्पा म्हणाले. "मोठा करून बघितला मी. एक विचारू का?"

"विचारा की."

"पंख फिरत होता ना त्याचा?"

"सेकंदाला पन्नास वेळा."

"मग मला त्याची पिसं कशी काय मोजता येतात?"

मी म्हणालो, पंख एका टोकाला जाऊन उलटा फिरतो तेव्हा क्षणभर जवळजवळ थांबतो, ती वेळ साधली असेल. हे खोटं नव्हतं. तसं होतं कधीकधी.

"शटर किती होतं?"

"हजार."

पप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बघ बाबा. तुझं तुला माहीत."

फोन ठेवल्यावर मी मूळ फाइल उघडली. पंखाच्या जागी राखाडी पंखा होता, एकही पीस नव्हतं. मग त्याच झपाट्यात घेतलेली पुढची फ्रेमही त्या सॉफ्टवेअरमधून काढली आणि दोन्ही शेजारी ठेवून पिसं मोजली. पहिल्या फ्रेममध्ये डाव्या पंखाला बाहेरची लांब पिसं नऊ होती. दुसऱ्यात बारा. हमिंगबर्डला ती दहा असतात.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे काय झालं हे कळायला वेळ लागला नाही. अशा मॉडेलला शिकवताना फोटोंच्या असंख्य जोड्या दाखवतात, एक खराब, एक स्वच्छ. ते खराबातून स्वच्छाचा अंदाज बांधायला शिकतं. जिथं फाइलमध्ये थोडीफार माहिती आहे तिथं अंदाज बरोबर येतो, म्हणून पाठीवरची पिसं बहुधा खरीच होती. जिथं माहितीच नाही तिथं ते गप्प बसत नाही. अशा ठिकाणी एरवी काय असतं ते लिहून मोकळं होतं. पंखात एरवी पिसं असतात, म्हणून पिसं.

स्वतःची बाजू घ्यायची तर एक मुद्दा होता. न सुधारलेला फोटो असं काही नसतंच. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरले जातात. म्हणजे अगदी कोऱ्या फोटोतही दोन तृतीयांश रंग हा हिशोबच असतो. तुमच्या हातातला फोन तर याच्या पुढं जाऊन अनेक फ्रेम एकत्र करतो, रवा पुसतो, कडा उठवतो, आणि मगच तुम्हाला फोटो दाखवतो. आणि पक्ष्याचं विचाराल तर त्याला अतिनील रंगही दिसतो. प्रिन्स्टनच्या मेरी कॅसवेल स्टॉडर्ड आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडोत रानातल्या हमिंगबर्डवर प्रयोग करून २०२०मध्ये दाखवलं, की आपल्याला सारखे दिसणारे रंग ते वेगळे ओळखतात. आपला कॅमेरा ते टिपतच नाही. मग खरा फोटो कुठला?

हा मुद्दा घेऊन मी पप्पांना लगेच परत फोन लावणार होतो. पण त्याआधी मी दुसरीच एक फाइल उघडली.

*

आई एप्रिल २०२१मध्ये गेली. कोविड. मी तेव्हा इथं एमएसच्या शेवटच्या सेमिस्टरला होतो. जाता आलं नाही. गेलो असतो तर परत येता आलं असतं की नाही कुणीच सांगत नव्हतं, आणि मेच्या सुरुवातीला भारतातून अमेरिकेत येण्यावर निर्बंध लागलेच. मी जे बघितलं ते फोनवर बघितलं.

दहाव्याच्या आधी पप्पांनी विचारलं, तुझ्याकडे आईचा एखादा चांगला फोटो आहे का? गावातल्या सगळ्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या बायकोचा धड फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. आई नेहमी कॅमेऱ्याच्या अलीकडे असायची. थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून उजेड परतवायची, नाहीतर खुळखुळा वाजवून बाळांना हसवायची. कराडातल्या कितीतरी मुलांच्या पहिल्या फोटोत जी नजर आहे, ती आईकडे बघणारी नजर आहे.

मला एक फोटो सापडला. मामेबहिणीच्या हळदीच्या सकाळचा, चौदा माणसांचा, व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा जणांकडून फिरून आलेला. आईचा चेहरा माझ्या नखाएवढा. मी रात्रभर बसलो. तेव्हा चेहरे मोठे करणारी, स्वच्छ करणारी एआय टूल्स नवीनच आली होती. तीनचार वापरून बघितली. पहाटे एक फोटो तयार झाला, फ्रेम करण्याएवढा मोठा. मी तो पप्पांना पाठवला. त्यांनी लिहिलं, "मिळाला."

डिसेंबर २०२२मध्ये मी घरी गेलो. भिंतीवर चंदनाच्या हारात आईचा फोटो होता, पण माझा नव्हता. पोस्टकार्डाएवढा, धूसर, भोवती रुंद पांढरा माउंट. हळदीच्या फोटोतलाच तुकडा, फारसा मोठा न केलेला. मला लागलं. वाटलं, मी तिकडे राहून केलं म्हणून त्याची किंमत नाही. तीन आठवडे राहिलो, त्या भिंतीखाली जेवलो, पण विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आता, पिसं मोजून झाल्यावर, मी २०२१ची ती फाइल उघडली. चेहरा चांगला होता. माझ्या आईसारखी दिसणारी, झोप पुरी झालेली एक बाई. आई सहा वर्षांची असताना उंबऱ्यावर पडली होती. डावी भुवई फाटली आणि मध्ये केस आलेच नाहीत. गव्हाच्या दाण्याएवढी जागा कायमची रिकामी राहिली. लहानपणी तिच्या मांडीवर पडून मी त्या जागेवर बोट ठेवायचो. फाइलमध्ये भुवई सलग होती. एक एक केस दिसत होता.

मी फोन लावला. कराडात अकरा वाजून गेले होते.

"पप्पा, आईचा फोटो तुम्ही लावला नाही तो भुवईमुळे का?"

बराच वेळ नुसता रातकिड्यांचा आवाज येत राहिला.

"तू तिकडे एकटा होतास," ते म्हणाले. "रात्रभर बसून केलेलास ते मला कळलं होतं. तुला काय सांगणार?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला खरं तर लहानपणीच माहीत असायला हवं होतं. पप्पा १९८४ साली कोल्हापुरात एका स्टुडिओत निगेटिव्ह रिटच करायला शिकले. उतरतं टेबल, मध्ये घासलेली काच, खालून उजेड. निगेटिव्हवर आधी एक पातळ रोगण चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते. शिसं काचकागदावर घासून सुईसारखं करायचं आणि रेघा न ओढता टिंबं द्यायची. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तिथं शिसं भरलं, की प्रिंटमध्ये तो डाग उजळतो. पहिले सहा महिने त्यांच्या उस्तादांनी त्यांना फक्त बघायला बसवलं आणि एकच वाक्य पाठ करून घेतलं: मुरूम काढायचा, तीळ ठेवायचा. मुरूम आठ दिवसांत जातो. त्या दिवशी तो होता हा त्या माणसाचा दोष नाही. तीळ काढलास तर त्याची आई ओळखणार नाही.

"पण पप्पा," मी म्हणालो, कारण मला अजूनही थोडं भांडायचं होतं, "आई स्वतः लग्नाकार्याला जाताना काजळाच्या पेन्सिलनं भुवई भरायची की."

"ती भरायची," पप्पा म्हणाले. "भुवई तिची होती."

*

मी अजूनही फोटो सुधारतो. न सुधारता ठेवण्यात काही मोठेपणा आहे असं मला वाटत नाही, आणि पप्पांना तर ते हास्यास्पद वाटतं. छत्तीस वर्षं त्यांचं पोट त्याच कामावर चाललं. पण आता बटण दाबण्याआधी थांबतो. सेन्सरवर धूळ बसून आलेला डाग हा मुरूम, तो काढतो. मागच्या कुंपणावरचा रवा हाही मुरूम. तिथं मास्क करून डिनॉइझ चालवतो. पक्ष्याच्या अंगावर कमी जोरानं चालवतो आणि मूळ फाइल शेजारी उघडी ठेवून तुलना करतो. पंखाला हात लावत नाही. गळा काळा आला तर काळा. मोठं करायचं झालं तर फाइलमध्ये जेवढं आहे तेवढंच मोठं करतो. पप्पांनी आईचा फोटो पोस्टकार्डाएवढा का ठेवला, ते आता कळतं. तेवढ्या आकाराला आणि हातभर अंतरावरून भुवईतली ती जागा दिसते. मोठा केला असता तर ती धुरात गेली असती.

काही वेळा नियम पुरत नाही. एप्रिलमध्ये मला एक फोटो मिळाला, १/१०००लाच, पंख धूर, बाकी सगळं जिथल्या तिथं. पक्ष्याच्या कपाळावर पिवळा डाग होता. तो फुलात चोच घालतो तेव्हा पुंकेसर कपाळाला टेकतात आणि पराग लागतो. पुढच्या फुलाला तो पोचवतो. झाडानं दिलेल्या रसाची वसुली. सॉफ्टवेअरला तो डाग नॉइझ वाटला आणि त्यानं पुसून टाकला. मी परत आणला. मग पप्पांना विचारलं, हा दोन दिवसांत जाणार, म्हणजे नियमानं मुरूम. काढू का?

यावर आमचा आठवडाभर वाद चालला. आधी पप्पा म्हणाले काढ, चेहरा स्वच्छ दिसेल. दोन दिवसांनी त्यांचाच मेसेज आला, नको काढू, हळद लावल्यासारखं दिसतंय. तेव्हा मला वाटायला लागलं की काढावा. शेवटी राहिला.

पप्पांनी तो स्टुडिओत छापला आणि काउंटरच्या मागे, लॅमिनेशनच्या मशीनच्या वर लावला. पासपोर्ट फोटोसाठी थांबलेली माणसं बघत बसतात. परवा कॉलवर असताना मागून एका गिऱ्हाइकाचा आवाज ऐकू आला.

"फोटो चांगलाय हो, पण पंखात जरा हललाय."

"हो," पप्पा त्याला म्हणाले. "हलतच होता तो."